महिला मंडळाचा पियानो

आपल्याकडे मनमाड किंवा भुसावळ म्हटले की जशी आगगाडी आठवते, तसे जपानच्या क्यूशू बेटावर तोसु या गावाचे आहे. कागोशिमाकडे जाणारा आणि नागासाकीकडे जाणारा, असे दोन लोहमार्ग इथे फुटतात. गाडी बदलायला उतरावे आणि पुढे जावे, असे हे जंक्शन. पण स्टेशनाजवळच्या ‘सनमेस्से’ या नागरी केंद्रात एक जुना ग्रँड पियानो आहे. त्याची हकीकत ऐकल्यावर पुढची गाडी चुकली तरी कुणाला हळहळ वाटणार नाही.

हा पियानो मूळचा जर्मनीतला, लाइप्झिगच्या हुपफेल्ड कारखान्याचा. आपोआप वाजणाऱ्या पियानोंसाठी हा कारखाना एकेकाळी जगभर नावाजलेला होता. जपानी जिभेवर हुपफेल्डचे ‘फुप्पेरु’ झाले, आणि तेच नाव गावात रुजले. 1930 च्या सुमारास तोसुच्या महिला मंडळाने वर्गणी गोळा केली आणि हा पियानो गावच्या प्राथमिक शाळेला भेट दिला. वर्गणी गोळा करणे म्हणजे काय, हे आपल्या वाचक भगिनींना सांगायला नको. दारोदार हिंडावे, चार शब्द ऐकून घ्यावेत, तेव्हा कुठे वहीत एक आकडा पडतो! आणि खटाटोप कशासाठी, तर आपल्या मुलांच्या कानांवर चांगला सूर पडावा म्हणून.

पुढे युद्ध आले. 1943 च्या शरदात जपान सरकारने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनाही सैन्यात ओढायला सुरुवात केली. 21 ऑक्टोबरला टोकियोच्या मैदानावर, भर पावसात, हजारो विद्यार्थ्यांचे संचलन झाले. कायदा, साहित्य, संगीत शिकणाऱ्या मुलांच्या हाती बंदुका आल्या. त्यांतल्या कित्येकांना पुढे विमान चालवायला शिकवले गेले. विमान घेऊन शत्रूच्या जहाजावर कोसळायचे आणि परत यायचे नाही, एवढ्याचसाठी. ओकिनावाच्या लढाईत अशा रीतीने मेलेल्या जपानी लष्करी वैमानिकांची संख्या 1036 भरते. बहुतेक जण विशीच्या आसपासचे.

1945 साली, युद्धाच्या अखेरच्या महिन्यांत, असेच दोन तरुण वैमानिक तोसुच्या शाळेच्या दारात येऊन उभे राहिले. विमानतळ तिथून सुमारे 12 किलोमीटरवर. रुळांच्या कडेकडेने ते आले होते, असे सांगतात. त्यांपैकी एकजण टोकियोच्या संगीत विद्यालयाचा विद्यार्थी होता. जवळपासच्या शाळांतून साध्या पायपेट्या होत्या. ग्रँड पियानो काय तो तोसुला. मरण्यापूर्वी एकदा मनसोक्त पियानो वाजवू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते.

शाळेतल्या एका तरुण शिक्षिकेने त्यांना पियानोपाशी नेले. त्या तरुणाने वाजवायला घेतला बीथोव्हेनचा ‘मूनलाइट सोनाटा’. ही रचना 1801 सालची. चांदण्याचे हे नाव बीथोव्हेनने दिलेले नाही. त्याच्या मृत्यूनंतर ते रूढ झाले. पहिला भाग संथ, जणू कोणी हलक्या पावलांनी अंधाऱ्या घरातून फिरते आहे. मधला भाग छोटासा, हसरा. शेवटचा मात्र वादळासारखा. ज्याला उद्याचा भरवसा नाही, अशा बोटांखाली तो कसा वाजला असेल, वाचकहो, तुम्हीच कल्पना करा. नंतर दुसऱ्या तरुणाने ‘उमी युकाबा’ हे युद्धकाळात घरोघरी ठाऊक झालेले गंभीर गीत वाजवले, आणि जमलेली मुले त्याच्याबरोबर गायली. मग ते दोघे आल्या वाटेने परत गेले.

युद्ध संपले. शाळेत मुलांच्या पिढ्या बदलल्या, पियानो मात्र तिथेच राहिला. पियानो बाहेरून लाकडी कपाटासारखा दिसला तरी त्याच्या पोटात दोनशेहून अधिक तारा ताणलेल्या असतात आणि सगळ्या मिळून कित्येक टनांचा ताण लोखंडी चौकटीवर येत असतो. दमट हवेने लाकूड फुगते, हातोड्यांवरचा लोकरी नमदा झिजतो, तारांना गंज चढतो. साठेक वर्षांनी, 1990 च्या सुमारास, हा पियानो निकामी म्हणून काढून टाकण्याचे ठरू लागले.

तेव्हा ती शिक्षिका पुढे आली. आता ती वृद्ध झाली होती. इतकी वर्षे मनात जपलेली ती आठवण तिने शाळेतल्या मुलांना सांगितली. ज्या पियानोला मुले अडगळ समजत होती, त्याच्याकडे ती आता निराळ्या नजरेने पाहू लागली. बातमी वर्तमानपत्रांत आली, रेडिओवर गेली. मोडीत निघालेला पियानो दुरुस्त झाला आणि पुन्हा बोलू लागला. मोरी त्सुनेयुकी यांनी या प्रसंगावर कादंबरी लिहिली, आणि 1993 साली लोकांच्या देणग्यांच्या मदतीने त्यावर चित्रपटही निघाला. कादंबरीकाराने आपल्या कल्पनेचे रंग त्यात भरले. पण पियानो खरा होता, आणि तो ऐकणारी मुलेही खरी होती.

युद्धाला पन्नास वर्षे झाली त्या वर्षी, 1995 साली, तोसुमध्ये या पियानोच्या नावाने शांतिस्मरणार्थ पियानो-स्पर्धा सुरू झाली. ज्या गावात लोक फक्त गाडी बदलायला उतरत, तिथे आता मुले आईवडिलांचा हात धरून, स्वरलिप्यांची पुस्तके काखेत घेऊन पियानो वाजवायला उतरू लागली.

वर्गणीची वही घेऊन हिंडणाऱ्या त्या बायकांना यातले काहीच ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त शाळेतल्या मुलांचा विचार केला होता. ते दोन तरुण आले, त्यांनाही त्या दिवशी शाळेने आपल्याच मुलांसारखे पियानोपाशी बसवले. विमानतळाकडे परतताना त्यांच्या कानांत जो सूर राहिला असेल, तो कुणा अनोळखी बायांच्या वर्गणीतून आलेला होता.