यजमानीण पहिल्या रांगेत

हिवाळा लागला की पुण्यात आमच्या मित्रमंडळात घरगुती बैठक ठरते. पंचवीसेक माणसं, गाणारं कुणी तरुण, तबला, पेटी, मागे दोन तानपुरे, आणि भैरवीनंतर सगळ्यांचं एकत्र जेवण. दुसऱ्या दिवशी फोनवर बोलणं होतं ते गाण्याबद्दल आणि मसालेभाताबद्दल. ती संध्याकाळ निवांत जावी म्हणून आधी काय काय ठरवावं लागतं, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. मला ते काम गाण्याइतकंच बघावंसं वाटतं.

यंदाची बैठक एका मैत्रिणीकडे होती. तिच्या सासूबाईंचं लहानपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं. गाणं दिवाणखान्यात होई आणि त्यांच्या आई माजघरापलीकडे पुऱ्या तळत असत. झाऱ्याच्या आवाजातून जेवढं कानावर येईल तेवढंच त्यांच्या वाट्याचं गाणं. सासूबाईंनी हे एकदा सहज सांगितलं, आणि तेव्हापासून या घरात एकच नियम आहे: बडा ख्याल सुरू होताना स्वयंपाकघरात कुणी नसेल. बेत, वेळा, ताटं, बैठकीची मांडणी, सगळं या एका गोष्टीवरून ठरतं. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. घरात गाणं व्हावं आणि ज्या बाईने ते घडवून आणलं तिनेच ते ऐकू नये, हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे.

पहिला प्रश्न असतो जेवण आधी की नंतर. आधी जेवलं की माणसं जडावतात. विलंबित एकतालाच्या बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटही चालू शकतं, त्यात पोटभर जेवलेल्याचा डोळा लागणारच. गाणारेही भरल्या पोटी गात नाहीत. मध्ये जेवण ठेवलं तर बैठक दुभंगते, पुन्हा जमत नाही. म्हणून जेवण शेवटी. पण मग साडेसहाला आलेला माणूस दहा-साडेदहापर्यंत उपाशी राहतो, आणि पन्नाशी-साठीच्या मंडळींत मधुमेहाच्या गोळ्या घेणारे असतातच. त्यामुळे आल्या आल्या गरम चहा आणि वाटीभर उपमा. चिवडा, फरसाण वर्ज्य, कारण ते गाणं सुरू झाल्यावरही कुरकुरत राहतं.

जेवणाचा बेत ठरवताना आधी नकारच पुष्कळ असतात. पुऱ्या नकोत, भजी नकोत. त्या ऐन वेळी तळाव्या लागतात आणि तेलाचा धूर पहिल्यांदा गाणाऱ्याच्या घशाला लागतो. कुकर नको, शिट्टी समेच्या आधी वाजली तर सगळी बैठक दचकते. उरतं ते असं: मसालेभात, अळूची पातळ भाजी, बटाट्याची सुकी भाजी, काकडीची कोशिंबीर, पोळ्या, श्रीखंड. पोळ्या मावशी दुपारी करून देतात, त्या फडक्यात गुंडाळून डब्यात. मसालेभात साडेपाचला जाड बुडाच्या पातेल्यात तयार होतो. तोंडली, काजू, गोडा मसाला. पाणी नेहमीपेक्षा किंचित जास्त, कारण त्याला पाच तास थांबायचं आहे. झाकणावर जड ताटली, पातेल्याभोवती जुनी गोधडी. रात्री झाकण उघडलं तेव्हा वाफ निघत होती. खोबरं-कोथिंबीर मात्र वाढताना वरून.

मठ्ठ्यावर चर्चा झाली. मसालेभाताशी मठ्ठाच हवा असं अर्ध्या मंडळींचं ठाम मत, पण गाणारे गार आणि आंबट टाळतात. मग सगळ्यांसाठी मठ्ठा आणि गायिकेसाठी कोमट कढी, आलं घातलेली, फार आंबट नाही. हे आधी फोन करून विचारलेलं होतं. साथीदारांनाही विचारायचं असतं. तबलजी कांदा-लसूण खात नाहीत हे वाढताना कळून उपयोग नाही.

आता खोली. दिवाणखाना पंधरा फूट बाय बारा. सोफे आणि टीपॉय आतल्या खोलीत गेले, जाड पडदे तसेच ठेवले, कारण मोकळ्या भिंतींवरून आवाज घुमत परत येतो. सतरंजी, वर पांढऱ्या चादरी, भिंतीशी लोड. गुडघे धरलेल्यांसाठी मागे खुर्च्यांची एक रांग. कलाकारांसाठी एकावर एक दोन गाद्या, भिंतीला पाठ करून आणि पंख्याच्या वाऱ्यापासून दूर. गायिकेच्या उजव्या हाताला तबला, डावीकडे पेटी, मागे दोन्ही बाजूंना तानपुरे. माइक लावला नाही. एवढ्या खोलीत कसलेला आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत सहज पोचतो आणि श्वासासकट पोचतो. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धकाला बंदी आहेच, शिवाय रहिवासी भागात रात्रीची आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल. मजल्यावरच्या तिन्ही घरांना आमंत्रण होतं. दोन घरची माणसं आली.

वाद्यं पाचलाच आणून ठेवली होती. तबल्याची पुडी कातड्याची. हवा दमट झाली की ती सैलावते आणि सूर उतरतो, कोरड्या हवेत चढतो. तानपुऱ्याच्या तारांनाही गारवा-ऊब लगेच कळते. म्हणून वाद्यांनी त्या खोलीत तासभर बसायला हवं, आणि स्वयंपाकघराचं दार तेव्हाच बंद व्हायला हवं, नाहीतर भाताची वाफ पुडीपर्यंत येते. गायिकेची पट्टी काळी चार, त्यामुळे तबलजींनी लहान तोंडाचा, चढ्या सुराचा तबला आणला होता. गट्ट्यांवर दोन ठोके, मग गजऱ्यावर हलकी हातोडी, बोट फिरवत फिरवत पुडीचं प्रत्येक घर एका सुरात आणायचं.

तानपुऱ्यांची जोडी मिरजेची. पंढरपूर भागातल्या कडू भोपळ्यांतून मिरजेचे कारागीर तानपुरे आणि सतारी घडवतात. २०२४ मध्ये दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. आजकाल मोबाइलवर तानपुरा वाजतो आणि रियाजाला तो सोयीचा आहे, पण बैठकीत खरी जोडीच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. जवारीवर तारेखाली असलेला दोरा केसभर सरकवल्यावर तारेचा नाद उलगडतो, ते समोर बसून ऐकायला मिळतं. दोन तानपुरे एकमेकांत मिसळले की खोलीतली बडबड आपोआप थांबते, कुणाला शांत बसा म्हणावं लागत नाही.

सव्वासातला यमन सुरू झाला. मैत्रीण पहिल्या रांगेत, पेटीच्या बाजूला. ताटं, वाट्या, डाव सगळं आतल्या टेबलावर रचून वर फडकं टाकलेलं, पाण्याचे तांबे भरलेले. सासूबाई तिच्या शेजारी. गायिकेने गंधारावर पहिल्यांदा मुक्काम केला तेव्हा दोघींनी एकदमच मान हलवली.

यमन तासभर चालला, मग मध्यंतर. त्याचीही आखणी असते आणि ती कॉफीपेक्षा तानपुऱ्यावर अवलंबून असते. पुढे बागेश्री ठरला होता. यमनला पंचमात लावलेली पहिली तार बागेश्रीला मध्यमात उतरवायची, दोन्ही तानपुऱ्यांची, आणि ती स्थिरावेपर्यंत थांबायचं. त्याला वीस मिनिटं धरली होती. कॉफी थर्मासमध्ये आधीच भरलेली, पेले आतल्या खोलीत, म्हणजे गप्पाही तिकडेच आणि तार लावणाऱ्याच्या कानाशी कालवा नाही. आमच्यातल्या दोघांनी पेले उचलून बादलीत ठेवले. धुतले नाहीत, धुण्याचा आवाज आणि धुणारा माणूस, दोन्ही त्या वेळी नको होते.

बागेश्रीनंतर एक नाट्यगीत, एक अभंग, मग भैरवी. भैरवी संपल्यावर मात्र घाई लागते. मानधनाचं पाकीट जेवणाआधी, बाजूला नेऊन हातात दिलं; निघताना दारात, चपला घालता घालता ते देऊ नये. कलाकारांना पहिली पंगत, आणि वाद्यं घेऊन आलेल्या रिक्षावाल्या काकांनाही त्याच पंगतीत ताट. चौघांनी वाढायला घेतलं, त्यात मैत्रीण नव्हती. तिचंही ताट गायिकेच्या शेजारी मांडलेलं होतं.

भात कालवता कालवता तिने विचारलं, ‘ताई, बागेश्रीत तुम्ही पंचम अगदीच कमी घेतलात. मुद्दाम का?’ गायिकेचा चेहरा खुलला. काही जण तो अजिबात घेत नाहीत, ती म्हणाली, आपल्या गुरूंकडे तो अवरोहात नुसता स्पर्श करून सोडतात. आणि उष्ट्या हाताने जरा थांबून तिने ती जागा गाऊन दाखवली, एकदा पंचमासह आणि एकदा त्याच्याशिवाय. सासूबाई म्हणाल्या, त्यांना पंचम असलेलीच आवडली. तबलजींचं मत उलट पडलं. मसालेभात दुसऱ्यांदा फिरेपर्यंत तो वाद चालला होता.