घरगुती इंटरनेट : वेगाची निवड गरजेनुसार करा

वरणगाव, भुसावळ, मुक्ताईनगर या पट्ट्यातील शेतकरी कुटुंबात इंटरनेट जोडणी घ्यावयाची ठरली, की पहिला प्रश्न येतो तो वेगाचा. 30 एमबीपीएस घ्यावा, 100 घ्यावा की 300? दोन योजनांमध्ये महिन्याला 300 रुपयांचा फरक धरला, तरी वर्षाचे 3,600 रुपये होतात. याउलट वेग अपुरा पडला, तर ऐन परीक्षेच्या दिवसांत मुलांचा वर्ग खंडित होतो. म्हणून जोडणी घेण्यापूर्वी थोडा हिशेब करावा.

वेग म्हणजे काय?

ठिबक संच बसविताना आपण आधी झाडांची संख्या व प्रत्येक झाडाची पाण्याची गरज काढतो आणि नंतर पंप ठरवितो. इंटरनेटचेही तसेच आहे. एका सेकंदात किती माहिती वाहून येते, ते एमबीपीएस या एककात मोजतात. यातील 'बी' म्हणजे बिट. फाइलचा आकार मात्र बाइटमध्ये सांगतात आणि 8 बिट मिळून 1 बाइट होतो. त्यामुळे 100 मेगाबाइटची फाइल 40 एमबीपीएस वेगाने उतरविण्यास अडीच नव्हे, तर 20 सेकंद लागतात.

'ब्रॉडबँड' या नुसत्या शब्दावर विसंबू नये. भारतात ब्रॉडबँडची किमान मर्यादा 2004 मध्ये 256 केबीपीएस, पुढे 512 केबीपीएस व 2023 मध्ये 2 एमबीपीएस ठरविण्यात आली. म्हणजे नाव एकच असले, तरी वेगात मोठी तफावत असू शकते.

आधी काम, मग साधन

वारणानगर परिसरात 1998 मध्ये 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्पाद्वारे कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील 70 गावे संगणकाने जोडण्याचे काम हाती घेण्यात आले. पुढे तेथील सात गावांत आठ महिने प्रयोग झाला. त्यात ऊस उत्पादकांची माहितीची कामे संगणकाऐवजी मोबाइलच्या एसएमएसद्वारे करण्यात आली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ही पद्धत कमी खर्चाची, सोयीची व शेतकऱ्यांना अधिक पसंत पडणारी ठरली. बाजारभाव, हवामान अंदाज, ऑनलाइन अर्ज ही कामे अशीच हलकी असतात. त्यांना 1 ते 2 एमबीपीएस पुरतो. ई-पीक पाहणीसाठी तर शेतात उभे राहून फोटो काढावा लागतो. तेथे घरची जोडणी नव्हे, मोबाइलचे नेटवर्क उपयोगी पडते.

गरजेचा हिशेब

घरातील खरा भार चित्रफितींचा असतो. प्रत्येक कामासाठी साधारण वेग पुढीलप्रमाणे धरावा :

1) टीव्हीवर फुल एचडी चित्र – 5 एमबीपीएस, 4के चित्र – 15 ते 20 एमबीपीएस
2) मोबाइलवर एचडी चित्रफीत – 2.5 एमबीपीएस
3) ऑनलाइन वर्ग किंवा व्हिडिओ कॉल – 1.5 ते 2 एमबीपीएस
4) संदेश, बाजारभाव, बँकेची कामे – 1 एमबीपीएस

समजा, सहा जणांचे कुटुंब आहे. रात्री आठ वाजता टीव्ही सुरू आहे, मुलीचा वर्ग चालू आहे, एक जण मोबाइलवर चित्रफीत पाहतो आहे व इतरांची किरकोळ कामे चालली आहेत. बेरीज 5 + 2 + 2.5 + 1 = 10.5 एमबीपीएस होते. गर्दीच्या वेळेसाठी निम्मी वाढ धरली, तरी सुमारे 16 एमबीपीएस होतात. अशा घरास 30 एमबीपीएसची योजना पुरेशी आहे. 4केचे दोन टीव्ही एकाच वेळी चालत असतील किंवा मोठ्या फाइलींची रोजची ने-आण असेल, तरच 100 एमबीपीएसचा विचार करावा.

अपलोडकडेही लक्ष द्यावे

खळे, गोठा किंवा पंपघरावर कॅमेरा बसवून तो बाहेरगावाहून पाहावयाचा असेल, तर माहिती घरातून बाहेर जाते. एका कॅमेऱ्यास साधारण 2 ते 4 एमबीपीएस अपलोड लागतो. हवेतून येणाऱ्या जोडणीत अपलोड बहुधा डाउनलोडपेक्षा कमी असतो. म्हणून दोन्ही आकडे विचारूनच योजना घ्यावी. चित्रण घरातील डीव्हीआरमध्येच साठत असेल, तर त्यास इंटरनेट लागत नाही.

डेटाची मर्यादाही पाहावी. 5 एमबीपीएसचे चित्र एक तास पाहिल्यास सव्वादोन जीबी डेटा खर्च होतो. रोज चार तासांप्रमाणे महिन्याला 270 जीबी होतात. मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो, हे आधीच विचारून घ्यावे.

राउटरची जागा

पुष्कळदा तक्रार वेगाची असते आणि दोष जागेचा असतो. मातीच्या जाड भिंती व धाब्याच्या घरांत वायफायची शक्ती घटते. 5 गिगाहर्ट्झची लहर वेगवान असली, तरी भिंतीपलीकडे लवकर क्षीण होते. 2.4 गिगाहर्ट्झची लहर अधिक दूर जाते. राउटर घराच्या मध्यभागी व उंचावर ठेवावा. बहुतेक राउटर 40 अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी बनविलेले असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा त्यापुढे जातो. म्हणून तो पत्र्याखाली किंवा बंद कपाटात ठेवू नये. भारनियमनाच्या वेळी जोडणी टिकावी यासाठी राउटरला लहान यूपीएस जोडावा.

वेग तपासताना शक्यतो संगणक तारेने राउटरला जोडून सकाळी, दुपारी व रात्री अशी तीन वेळा नोंद घ्यावी. तारेवर वेग पूर्ण मिळतो आणि आतल्या खोलीत मिळत नाही, असे आढळल्यास योजना वाढवू नये, राउटरची जागा बदलावी. तारेवरही रात्रीचा वेग रोज कमी येत असेल, तर त्या नोंदी दाखवून कंपनीकडे तक्रार करावी. मोठी योजना घेण्याचा निर्णय त्यानंतरच करावा.