पिकअपची ताडपत्री आणि डिझेलचा हिशेब

मिरजेच्या मार्केटात, एमआयडीसीत किंवा पंढरपूर रोडवरच्या पंपावर पिकअपवाल्यांच्या गप्पांत एक गोष्ट ठामपणे सांगितली जाते. हौद्यावर ताडपत्री ताणून बांधली की गाडी अ‍ॅव्हरेज जास्त देते. तिच्या जोडीला दुसरी असते: रिकामी गाडी परत आणताना मागचा फाळका पाडावा, म्हणजे वारं आरपार जातं आणि गाडी मोकळी पळते. अलीकडे तिसरीची भर पडली आहे. परदेशी पिकअपचे व्हिडिओ बघून हौद्यावर कडक झाकण बसवायचं आणि त्याचे पैसे डिझेलमधून सुटतील, असा हिशेब मांडायचा. भाड्यावर ज्याचं घर चालतं, त्याला लिटरभर डिझेलही मोलाचं असतं. त्यामुळे या समजुती आकड्यांवर घासून बघायला हव्यात.

फाळक्याची समजूत तर सरळ उलटी आहे. केबिनच्या टपावरून मागे जाणारं वारं थेट फाळक्यावर आदळतं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात हौद्यात हवेचा एक भोवरा अडकून फिरत राहतो. अंकलीच्या पुलाखाली कृष्णेला पाणी असताना खांबाच्या मागे पाणी जागच्या जागी गरगरतं आणि मुख्य धार बाजूने निघून जाते, तसंच हे. टपावरून आलेलं वारं या अडकलेल्या हवेवरून घसरत फाळक्यापलीकडे जातं. फाळका पाडला की हा भोवरा मोडतो, गाडीच्या मागची खेच सहसा वाढते आणि डिझेल वाचायचं राहिलं बाजूला, थोडं जास्तच जातं. अमेरिकेतल्या ‘मिथबस्टर्स’ या कार्यक्रमात दोन पिकअप सारखं इंधन भरून सोडल्या होत्या. फाळका लावलेली गाडी जास्त लांब गेली. शिवाय फाळका पाडून गाडी पळवली की मागचा दुचाकीवाला धोक्यात येतो. ही सवय सोडलेलीच बरी.

झाकणाची गोष्ट इतकी सरळ नाही. रिकाम्या हौद्यावर घट्ट, सपाट झाकण असेल तर वाऱ्याचा अडथळा कमी होतो, हे खरं आहे. पण किती? भोवऱ्यानेच बरंचसं काम आधी केलेलं असल्यामुळे झाकणाला वाचवायला थोडंच उरतं, मोजक्या टक्क्यांइतकं. आपण उदारपणे पाच टक्के धरू. आता रिकामी पिकअप ताशी ८० किलोमीटरने पळते तेव्हा इंजिनाच्या कष्टाचा दोन तृतीयांशाच्या आसपास भाग वारं कापण्यात जातो, बाकीचा टायरच्या घर्षणात. म्हणजे पाच टक्क्यांचे डिझेलमध्ये झाले तीन-साडेतीन. नवी मुंबईतल्या वाशीच्या बाजारातून मिरज साधारण पावणेचारशे किलोमीटर. रिकाम्या गाडीला १५ चं अ‍ॅव्हरेज धरलं तर २५ लिटर डिझेल लागतं आणि झाकणाने वाचतं पाऊण लिटरच्या आसपास. लिटरला ९० रुपये धरले तरी एका फेरीला ऐंशी रुपयांच्या आत. हजारो रुपयांचं झाकण त्यातून फिटायला किती फेऱ्या लागतील, ते ज्याचं त्याने काढावं. सांगली-मिरज-कुपवाडच्या आतल्या आत भाडी मारणाऱ्याला तर तेवढंही मिळणार नाही. वाऱ्याचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० च्या वेगाला जो अडथळा असतो, तो ४० ला चौथा हिस्सा उरतो. त्यातले पाच टक्के म्हणजे काहीच नाही.

हा झाला रिकाम्या हौद्याचा हिशेब. आपल्याकडची ताडपत्री मात्र रिकाम्या हौद्यावर नसते, मालावर असते आणि तिथे हिशेबच बदलतो. द्राक्षाचे बॉक्स किंवा बेदाण्याच्या पेट्या केबिनच्या टपाच्या दोन फूट वर गेल्या की समोरून वाऱ्याला मिळणारं तोंड जवळजवळ एक चौरस मीटरने वाढतं. पिकअपचं मूळ तोंडच सुमारे तीन चौरस मीटरचं असतं. म्हणजे वाऱ्याचा अडथळा तिसऱ्या हिश्श्याने वाढला. झाकणाच्या पाच टक्क्यांसमोर हा आकडा ठेवून बघा. त्यात ताडपत्री ढिली असेल तर पुढच्या कडेतून वारं आत शिरतं, ती फुग्यासारखी वर येते, कडा फडफडत राहतात आणि वाचवणं दूरच, अडथळ्यात भरच पडते. पुढची कड आधी मालाखाली दाबून, मग दोर आडवा-उभा ताणून बांधणारा जुना हमाल डिझेलही वाचवत असतो. माल खाली पसरून रचला आणि टपाच्या पातळीत ठेवला, तर त्याहून जास्त वाचतं. दंडाचाही प्रश्न आहेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार परवानगीपेक्षा उंच किंवा बाहेर आलेल्या मालाला २० हजार रुपये दंड आहे.

लोखंडी कमानी आणि पिंजरा कायम बसवून ठेवणाऱ्यांनी वजनही मोजावं. पिंजरा दीडशे किलोचा असेल तर तो रिकाम्या फेरीतही बरोबर हिंडतो आणि त्याच्या उघड्या सळ्या वारं अडवतात ते वेगळंच. सपाट झाकणाने जे मिळालं असतं, ते इथे निघून जातं.

मग ताडपत्री टाकल्यावर अ‍ॅव्हरेज वाढल्याचं इतके अनुभवी ड्रायव्हर सांगतात, ते खोटं बोलतात का? मुळीच नाही. त्यांनी बघितलेला फरक खरा असतो, त्याचं कारण वेगळं असतं. मिरज समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. वाटेतले चढउतार बाजूला ठेवले तरी रिकामी गाडी वाशीहून इतक्या उंचीवर आणायला पाऊण लिटरच्या आसपास डिझेल निव्वळ चढावर जातं. झाकणाने जास्तीत जास्त जेवढं वाचेल, तेवढंच हे झालं. ताडपत्री बांधलेला माल मुंबईला उतरतो आणि उघडी गाडी घाट चढून परत येते, तेव्हा उताराचं श्रेय ताडपत्रीला मिळतं.

सोलापूरच्या बाजूला वाऱ्याची दिशा असाच गोंधळ घालते. मिरजेहून नागज, सांगोला, मंगळवेढा करत सोलापूरला जाणारा रस्ता पूर्वेकडे जातो आणि जून ते सप्टेंबर वारं मुख्यतः पश्चिमेचं असतं. गाडी ६० ने चालली आहे आणि वारं २० च्या वेगाचं आहे असं धरलं, तर जाताना गाडीला ४० चं वारं लागतं आणि येताना ८० चं. येतानाचा अडथळा जातानाच्या चौपट. पावसाळा आहे म्हणून जाताना माल ताडपत्रीखाली असतो आणि पाठीवर वारं असतं. येताना उघडा हौदा आणि समोरून वारं. ड्रायव्हरला वाटतं, ताडपत्रीने काम केलं.

खरं डिझेल वेगात आहे. हा सोलापूरचा रस्ता चौपदरी झाल्यापासून पिकअप सहज ८० ला जातात. केंद्राने २०१८ मध्ये मालवाहू गाड्यांना चौपदरी रस्त्यावर घालून दिलेली कमाल मर्यादाही तीच आहे. पण ८० वरून ६० वर आलात, तर वाऱ्याचा अडथळा जवळपास ४४ टक्क्यांनी उतरतो. पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना ४५ ते ५५ च्या वेगाचा आग्रह कितीतरी वर्षं धरते आहे, त्याचं कारण हेच. वाशीच्या लिलावाची वेळ गाठायची असेल तेव्हा हे जमत नाही, हे मान्य. परतीच्या रिकाम्या फेरीला मात्र नक्की जमतं. त्यानंतर टायरची हवा. ती थंड टायरमध्ये, मालाच्या वजनाप्रमाणे कंपनीने सांगितलेली ठेवावी. कमी हवेवर टायर दबतो, तापतो आणि डिझेल खातो.

ताडपत्री म्हणून टाकू नये असं नाही. मार्च-एप्रिलच्या वळवात बेदाण्याची पेटी भिजली किंवा हळदीच्या पोत्याला ओल लागली, तर एका ट्रिपचं नुकसान वर्षभराच्या डिझेल बचतीपेक्षा मोठं असतं. आरग-बेडगच्या विड्याच्या पानांच्या डागाला ऊन आणि वारं दोन्ही चालत नाहीत. चांगली, न फाटलेली ताडपत्री घ्यायला ही कारणं पुरेशी आहेत. आणि तरीही कुणाला झाकणाचा फरक स्वतः बघायचाच असेल, तर एकाच पंपावर टाकी फुल करावी, एकाच रस्त्याने जाऊन यावं, त्याच पंपावर पुन्हा फुल करावी आणि जाण्या-येण्याचं मिळून एकच अ‍ॅव्हरेज काढावं. वेग, माल आणि टायरची हवा सारखी ठेवून झाकणासह आणि झाकणाशिवाय हे चार-पाच वेळा केलं, की मिळेल तो आकडा त्या गाडीचा खरा आकडा.