खाली आणलेल्या मोटारीचे गणित
आखूड स्प्रिंगा बसवून मोटार खाली आणली की गुरुत्वमध्य उतरतो आणि वळणावर बाहेरच्या चाकांकडे सरकणारा भार थोडा घटतो, हे खरे. परंतु बहुतेक छोट्या मोटारींच्या मॅकफर्सन रचनेत, म्हणजे जिथे शॉक अब्सॉर्बरच चाकाला वरून धरतो तिथे, खालचा आर्म चाकाकडे चढता होतो आणि ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो ‘रोल सेंटर’ गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक उतरतो. दोहोंतील अंतर वाढल्याने, स्प्रिंगा पुरेशा कडक नसतील तर, गाडी उलट जास्तच कलते. केवळ पुढची बाजू कडक केल्यास पुढची चाके आधी पकड सोडतात. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातील धूलकोटसारख्या ग्रामीण भागात तर, चाकाला वर सरकायला जागाच कमी उरल्याने, खड्डा लागताच सस्पेन्शन रबरी ठोकळ्यावर आदळते. अलाइनमेंटने चाकांची दिशा सुधारते, रोल सेंटर मात्र तिथेच राहतो.