लाकडी पेनावरची रंगीत रेघ

मुलांनो, 'कलम' हा शब्द तुमच्या उर्दूत आहे, तसा मराठीतही आहे. कलम म्हणजे लेखणी. पण नागपूरच्या संत्र्याच्या बागेत कलम म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्या झाडावर बसवून तयार केलेले रोप. कापायचे आणि जोडायचे! लाकडी पेनावर रंगीत रेघ आणायची, तर असेच कलम करावे लागते.

नागपूरच्या रामदासपेठेत दवाखान्यांची दाटी आहे. त्यांच्या दारांवरच्या रंगीत प्लॅस्टिकच्या पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. अशा पाट्या तयार करताना पातळ पत्र्याचे लहान तुकडे उरतात. कचऱ्यात जाणारा असा तुकडा पेनाचा दागिना होऊ शकतो. कसा, ते पाहू.

सागाचा किंवा शिसवीचा सुमारे २० मिलिमीटर जाडीचा चौकोनी ठोकळा घेतात. तो करवतीने आडवा कापतात आणि दोन भागांमध्ये प्लॅस्टिकचा तुकडा चिकटवतात. मग ठोकळ्याला मधोमध भोक पाडून तो लेथवर फिरवतात व धारदार हत्याराने गोल करतात. आता मधला तुकडा अंगठीसारखा दिसू लागतो. ठोकळा तिरपा कापला असेल, तर रेघही तिरपी, लंबगोल येते. घरी गाजर सरळ आणि तिरपे कापून पाहा, म्हणजे हे पटेल.

पण पत्रा कापायचा कसा? कात्रीने कडा मुडपतात. पत्रा कडक असेल, तर तडकतो. म्हणून कारागीर तो खाच पाडून मोडतात. पत्र्यावर पोलादी पट्टी घट्ट धरायची. पट्टीच्या कडेने सुरीचे टोक हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढायचे. एकदम जोर लावला, तर सुरी घसरते आणि बोट कापते. खाच टेबलाच्या कडेवर आणून बाहेरचा भाग खाली दाबला, की 'कट्' असा आवाज होतो आणि पत्रा सरळ मोडतो. तुकडा ठोकळ्याहून थोडा मोठा ठेवतात. जास्तीचा भाग लेथवर निघून जातो.

गुळगुळीत प्लॅस्टिकला गोंद नीट धरत नाही. म्हणून चिकटवण्यापूर्वी दोन्ही बाजू पॉलिश पेपरने खरखरीत करतात. ही लहानशी गोष्ट विसरली, तर फिरता ठोकळा जोडावर तुटून उडतो.

दुसरा शत्रू म्हणजे उष्णता. लाखकाम करणारे कारागीर फिरत्या लाकडी खेळण्यावर लाखेची रंगीत कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग बसतो. तेथे उष्णता मित्र आहे. आपले ॲक्रिलिक मात्र सुमारे १०० अंश सेल्सियसला मऊ पडते. म्हणून भोक पाडताना थांबत थांबत पाडावे लागते.

आणखी एक गंमत ऐका. करवत चालली, की तिच्या चिरेएवढे लाकूड भुसा होऊन जाते. चीर १ मिलिमीटरची असेल, तर पत्राही १ मिलिमीटरचाच हवा. मग गेले तेवढेच परत आले! एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा काढताना हा हिशेब चुकला, तर रेघांची टोके जुळत नाहीत.

लेथ मोठ्यांच्या देखरेखीखालीच चालवावा. डोळ्यांवर चष्मा हवा, सैल बाह्या नकोत. हे काम घाईचे नाही. पेनावरची रेघ बोटाच्या नखाहून फार जाड नसते. पण कारागिराचा हात किती सावध होता, हे तीच सांगते.

शब्दार्थ
दाटी – गर्दी
खाच – कोरलेली बारीक रेघ
चीर – करवतीने पडलेली फट
घर्षण – घासले जाणे

स्वाध्याय
१. 'कलम' या शब्दाचे पाठात आलेले दोन अर्थ लिहा.
२. कारणे द्या : (अ) पत्रा कात्रीने कापत नाहीत. (आ) भोक थांबत थांबत पाडतात.
३. करवतीची चीर आणि पत्र्याची जाडी सारखी का हवी?
४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत असलेले पाच शब्द शोधून वहीत लिहा.