मागच्या चाकाचे गाऱ्हाणे

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांच्या दारात आज उंच बांध्याची, पाच-सात माणसे आणि त्यांचे सामान सहज सामावून घेणारी गाडी उभी असते. ती कोणत्याही कारखान्याची असो, येथे तिला 'जीप' म्हणण्याचा प्रघात आहे. आजी-आजोबा पुढे, नातवंडे मागे, आणि त्यांच्याही मागे मलिद्याचे पातेले, फळांच्या पिशव्या व पाण्याच्या बाटल्या, अशा थाटात ही गाडी बेरशेवाहून हैफाला एलियाहू हन्नाबीच्या गुहेपर्यंत जाते, किंवा अरावाच्या उजाड रस्त्याने एलातला. या सर्व भाराखाली मागच्या चाकाच्या मध्यभागी तळहातावर मावेल एवढी एक वस्तू मुकाट्याने फिरत असते. ती बिघडेपर्यंत तिची आठवण कोणालाही होत नाही. ती वस्तू म्हणजे बेअरिंग.

वाचकांनी क्षणभर आमच्याबरोबर हिशेब करावा. शाळामास्तरांची ही खोड त्यांनी सोसून घ्यावी. चाकाचा व्यास ७० सेंटिमीटर धरला तर त्याचा परीघ सुमारे २.२ मीटर होतो, म्हणजे एका किलोमीटरमध्ये चाकाचे जवळजवळ ४५० फेरे. बेरशेवा ते हैफा सुमारे २०० किलोमीटर धरले तर नव्वद हजार फेरे झाले. ताशी १०० किलोमीटर वेगाने धावताना दर सेकंदाला बारा फेऱ्यांहून अधिक पडतात, आणि या काळात एका मागच्या चाकावर चारशे किलोंहून अधिक भार असू शकतो. हा सारा भार दोन पोलादी कड्यांच्या मध्ये बसविलेल्या छर्‍यांवर किंवा रोलरांवर तोललेला असतो. बाहेरून ग्रीस आत धरून ठेवणारे आणि पाणी व धूळ अडविणारे रबरी सील असते. यंत्र म्हणून यात आणखी काही नाही.

कोकणात ज्यांचे बालपण गेले त्यांना बैलगाडीच्या आखाखाली टांगलेले वंगणाचे नळकांडे आठवत असेल. लाकडी तुंबा लोखंडी आखावर घासू नये म्हणून गाडीवान वाटेत थांबून त्यात काळे वंगण घाली. ज्यांच्या पूर्वजांना कोकणात 'शनवार तेली' म्हणत, घाणा चालविणे हाच ज्यांचा व्यवसाय होता, त्यांना घर्षण आणि तेल यांचे नाते कोणी नव्याने शिकविण्याचे कारण नव्हते. परंतु घासण्याच्या जागी घरंगळणे आणावे ही कल्पना वेगळी. वेल्समधील फिलिप व्हॉन या लोहकाराने १७९४ साली गाडीच्या आखासाठी गोळ्यांच्या बेअरिंगचे पेटंट घेतले. पुढे १८९८ साली अमेरिकेत घोडागाड्या बनविणाऱ्या हेन्री टिमकेन यांनी निमुळत्या रोलरांचे बेअरिंग काढले. सरळ भार आणि वळणावर बाजूने येणारा रेटा हे दोन्ही ते पेलू शके, म्हणून मोटारगाड्यांच्या चाकांत ते बराच काळ राज्य करीत राहिले. जुन्या जीपगाड्यांत ते असे, आणि ठरावीक अंतराने उघडून, धुऊन, नवे ग्रीस भरून पुन्हा नेमके आवळावे लागे. आजच्या गाड्यांत बेअरिंग सीलबंद असते. त्याला तेलपाणी लागत नाही. ते चालते तोवर चालते, आणि गेले की बदलावे लागते.

ते जाते कशाने? वय हे एक कारण आहेच. लक्षावधी फेऱ्यांनंतर पोलाद थकते आणि कडीच्या गुळगुळीत पृष्ठावरून बारीक खवले सुटू लागतात. पण आपल्याकडे अकाली मृत्यूची कारणे अधिक आढळतात. फुटपाथच्या कडेला चाक जोराने आदळले किंवा गतिरोधकावरून गाडी भरधाव नेली की छर्‍यांचा सूक्ष्म ठसा कडीवर उमटतो, आणि तेथून झीज सुरू होते. हिवाळ्यात नेगेवमधील कोरडे ओढे एकाएकी भरून वाहतात. अशा पाण्यातून 'उंच गाडी आहे, काय होते' म्हणत वाहन घालणारे तरुण आपल्यात कमी नाहीत. त्यात जिवाला धोका आहे तो निराळाच. पाणी चाकाच्या मध्यापर्यंत चढले तर रस्त्यावरून धावून तापलेले बेअरिंग एकदम निवते आणि सीलच्या फटीतून ओलावा आत ओढून घेते. गाडी सुखरूप पलीकडे गेलेली दिसते, आणि काही महिन्यांनी मागून गुरगुर ऐकू येऊ लागते.

ही गुरगुर ओळखण्यास शिकणे हाच आमच्या या लेखाचा मुख्य हेतू आहे. कारण बेअरिंग अचानक दगा देत नाही. ते पुष्कळ आधीपासून गाऱ्हाणे सांगत असते. प्रथम ताशी साठ-सत्तरच्या वेगाला दूरवर विमान घोंघावत असावे तसा सूर लागतो. वेग वाढला की तो चढतो, कमी झाला की उतरतो. इंजिन मोकळे सोडले, गिअर काढला, तरी तो थांबत नाही. म्हणजे तो इंजिनाचा नव्हे. आता राहिला टायर. पुष्कळांची फसगत होते ती येथेच. आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने अशाच आवाजासाठी मागचे दोन्ही टायर नवे घेतले, पैसे मोजले, आणि घरी परतताना तोच सूर तसाच ऐकला. टायरचा आवाज रस्ता बदलला की बदलतो. खडबडीत डांबरावर एक आणि नव्या गुळगुळीत डांबरावर दुसरा. बेअरिंगला रस्त्याचे सोयरसुतक नसते. त्याचा सूर बदलतो तो वळणावर. गाडी डावीकडे वळते तेव्हा भार उजव्या चाकांवर जातो. रुंद डाव्या वळणावर आवाज वाढला तर उजव्या बाजूचा संशय घ्यावा, आणि कमी झाला तर डाव्या. हे मुद्दाम गाडी हेलकावत पाहू नये. हमरस्त्याच्या नेहमीच्या वळणांवर शांतपणे कान दिला तरी पुरे. आजोबांच्या कानाला हे आधी कळते असा आमचा अनुभव आहे, कारण ते रेडिओ बंद करावयास सांगतात.

कानाने घेतलेल्या संशयाची खात्री हाताने करावी लागते. गाडी सपाट जमिनीवर उभी करून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत, कारण मागचे चाक फिरविण्यासाठी हँडब्रेक सोडणे भाग असते. मागचा भाग जॅकने उचलल्यावर त्याखाली भक्कम स्टँड द्यावा. निव्वळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालणाऱ्यास आम्ही धाडसी म्हणणार नाही. मग चाक वर-खाली धरून हलवून पाहावे. बेअरिंग फार झिजले असेल तर खडखडाट जाणवतो. पण खेळ जाणवला नाही म्हणजे बेअरिंग चांगले, असे मुळीच नव्हे. एका हाताने चाक फिरवून दुसरा हात स्प्रिंगवर ठेवावा. जात्यातून खडे दळले जात असावेत तशी बारीक थरथर बोटांना लागली की निकाल लागला.

यापुढचे काम घरच्या अंगणातले नव्हे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरी ते कसे चालते हे ठाऊक असलेला गिऱ्हाईक मुसाखमध्ये अधिक मानाने वागविला जातो. अनेक नव्या गाड्यांत बेअरिंग आणि हब मिळून एकच जोडसंच असतो. चाक, ब्रेकचा कॅलिपर आणि डिस्क काढली की मागून लावलेले बोल्ट, बहुधा चार, सोडून तो बाहेर येतो. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळत ठेवू नये, तारेने बांधून ठेवावा. कारागीर हे करतो की नाही एवढ्यावरूनही त्याची पारख होते. ज्या गाड्यांत हँडब्रेक बटणाने लागतो, त्यांत ब्रेकला हात लावण्यापूर्वी संगणकाद्वारे त्याची मोटर मागे न्यावी लागते. जबरदस्तीने पिस्टन दाबला की बेअरिंगच्या खर्चात त्या मोटरचीही भर पडते. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांनाही मिळत असेल तर हबच्या मध्यातून आस येतो आणि त्याच्या टोकाला मोठा नट असतो. तो नवाच घालावा आणि टॉर्क पान्याने पुस्तकात दिलेल्या मापाने आवळावा. पुष्कळ गाड्यांत हे माप २०० न्यूटन-मीटरच्या वर असते. नट आवळला जाईपर्यंत गाडीचा भार त्या चाकावर टाकू नये, नाहीतर नवे बेअरिंग जागच्या जागी दुखावते.

दुसऱ्या प्रकारात बेअरिंग निराळे असते आणि ते यंत्राच्या दाबाने घरात बसवावे लागते. खरी कसोटी येथे आहे. बाहेरची कडी घरात बसवावयाची असेल तर दाब बाहेरच्या कडीवरच द्यावा. हब आत बसविताना आधार आतल्या कडीला द्यावा. दाब छर्‍यांमधून गेला की पहिल्याच दिवशी कडीवर ठसे उमटतात आणि नवीन वस्तू जुनी होऊन गाडीत बसते. हातोड्याने ठोकून बेअरिंग बसविणारा स्वस्त पडतो खरा. पण वर्षभरात पुन्हा त्याच्याच दारी जावे लागते. आणखी एक बारकावा. अनेक बेअरिंगांच्या एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय वलय असते, ज्यावरून ब्रेकच्या संगणकाला चाकाचा वेग कळतो. दोन्ही बाजू डोळ्यांना सारख्याच दिसतात. उलटे बसले तर समोरच्या फलकावर पिवळा दिवा लागतो आणि सगळे काम पुन्हा उघडावे लागते.

आता भाषेविषयी थोडे, कारण आपल्या वडीलधाऱ्यांची अडचण बरेचदा यंत्रापेक्षा शब्दांची असते. बेअरिंगला हिब्रूत 'मेसाव' म्हणतात. हनुक्काला मुले जो 'सेविवोन' भोवरा फिरवितात, त्याच धातूपासून हा शब्द आला आहे. चाक म्हणजे 'गलगल', मागचा तो 'अहोरी'. म्हणून 'मेसाव गलगल अहोरी' एवढे म्हटले की काम भागते. बाकी मुसाखची बोली इंग्रजी अमदानीचा वारसा आहे, आपल्याकडच्या गॅरेजसारखीच. तेथे आणि येथे पंक्चर ते पंक्चरच. येथे 'पंचर' म्हणतात आणि आयुष्यातल्या कोणत्याही फजितीलाही तोच शब्द लावतात. मागच्या आसाला हे लोक 'बॅकॅक्स' म्हणतात, आणि पुढच्याला, हसू नका, 'पुढचा बॅकॅक्स'.

दुरुस्तीला होकार देण्यापूर्वी विचारावे: कोणत्या बाजूचे गेले, आणि ते कसे ठरविले? संच बदलणार की नुसते बेअरिंग? कोणत्या कंपनीचे, आणि हमी किती महिन्यांची? 'दोन्ही बाजूंची बदलू या' असे पुष्कळदा सुचविले जाते. ब्रेकचे पॅड जोडीने बदलतात, ते योग्यच. बेअरिंगला तो नियम नाही. एक गेले असेल आणि दुसरे हाताला स्वच्छ लागत असेल, तर दुसऱ्याचे पैसे राखून ठेवण्यास हरकत नाही. मात्र गाडी पाण्यात बुडून आली असेल तर दोन्ही तपासून घ्यावीत.

'पेसाह होऊन जाऊ दे, मग बघू' हे वाक्य आम्ही फार ऐकतो. गुरगुर नुकतीच लागली असेल आणि गावातल्या गावात फिरावयाचे असेल तर आठवडाभर कळ काढता येईल. त्याहून अधिक नव्हे. खेळ जाणवत असेल, किंवा चाकाचा मध्य हात लावू नये इतका तापत असेल, तर लांबचा प्रवास रद्द करावा. त्या अवस्थेत हब डगमगतो, ब्रेकचे पेडल सैल लागते, आणि शेवटी चाक अडकू शकते किंवा निखळूही शकते. लेकरांनी भरलेल्या गाडीला हे अरावाच्या एकेरी रस्त्यावर, समोरून मालमोटार येत असताना व्हावे, अशी कल्पनाही नको. शिवाय आपले प्रवास बहुधा शब्बाथच्या आधी, शुक्रवारी निघतात, आणि शुक्रवारी दुपारी मुसाखांची दारे बंद झालेली असतात. म्हणून दाखविणे असेल तर रविवारी किंवा सोमवारी दाखवावे.

काम झाल्यावर जुने बेअरिंग मागून घ्यावे आणि हातात धरून सावकाश फिरवून पाहावे. खरोखर गेले असेल तर ते बोटांना सांगते. चाकाचे नट पन्नास ते शंभर किलोमीटर धावल्यानंतर एकदा पुन्हा मापाने तपासून घ्यावेत. त्यानंतरच्या पहिल्या फेरीला रेडिओ बंद ठेवावा, आणि आजोबांना पुढे बसवावे.