जुन्या मोटारीची ब्रेकनळी

गाडी चालविणे ही एक विद्या आहे. परंतु ती वेळेवर थांबविणे ही त्याहून मोठी विद्या होय. इंजिनाच्या शक्तीचे कौतुक सर्वच करतात. उलट, ज्या वीतभर रबरी नळीवर आत बसलेल्या सर्वांचे प्राण अवलंबून असतात, तिच्याकडे खाली वाकून पाहणारा विरळाच आढळतो. वालूर-सेलूकडील रस्त्यांवर जुन्या जीपगाड्या माणसे व शेतमाल वाहताना दिसतात, आणि त्यांत आमचे विद्यार्थीही बसतात. म्हणून ही नळी काय करते, ती का निकामी होते, व तिचे नट गंजून बसले असता ती कशी बदलावी, हे येथे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला असता तो सर्व दिशांस सारखा पसरतो, हा पास्कलचा नियम वरच्या वर्गांतील विद्यार्थी शिकतातच. पास्कल हा सतराव्या शतकातील फ्रेंच पंडित. त्याच्या या नियमावर मोटारीचा ब्रेक उभा आहे. चालकाने पेडल दाबले म्हणजे मास्टर सिलिंडरमधील ब्रेक ऑइलवर दाब पडतो व तो नळ्यांतून चारही चाकांपर्यंत पोहोचतो. चारही चाकांना अशी योजना असलेली ड्यूसेनबर्ग ही मोटार अमेरिकेत १९२१ साली बाजारात आली. गाडीच्या सांगाड्यावरील नळ्या पोलादी असतात. परंतु चाके खालीवर होतात, व पुढची तर वळतातही. तेथे पोलादी नळी मोडून जाईल. म्हणून सांगाडा व चाक यांच्यामध्ये लवचिक रबरी नळी जोडतात. कारागीर तिला होज पाइप म्हणतात.

शेठ वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमिअर कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट व पुढे पद्मिनी या गाड्या तयार होत. पद्मिनीने मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ऑक्टोबर २०२३ मध्ये निरोप घेतला. तथापि हौशी लोकांनी जतन केलेल्या गाड्या अजून आहेत. तशा काळच्या अनेक गाड्यांत चारही चाकांचा ब्रेक एकाच मार्गाने चाले. अशा गाडीची एक नळी फुटली की सगळे ऑइल तेथून निघून जाते व चारही चाकांचा ब्रेक एकदम नाहीसा होतो. नंतरच्या गाड्यांत दोन स्वतंत्र मार्ग ठेवण्याचे कारण हेच होय.

रबर हे ऊन, धूळ व वय यांनी कडक होते. नळी किंचित वाकवून पाहिली असता बारीक भेगा दिसल्या, कोठे ओल आली, किंवा पेडल दाबताच ती फुग्यासारखी फुगली, तर तिचे आयुष्य संपले असे समजावे. कधी कधी बाहेरून ती धडधाकट दिसते, पण आतले रबर सुजून मार्ग अरुंद होतो. मग पायाच्या जोराने ऑइल चाकाकडे जाते. परंतु पाय उचलल्यावर ते सहज परत येत नाही. चाक धरून राहते व तापते, किंवा गाडी एका बाजूस ओढते.

आता खरी अडचण पाहू. पोलादी नळीच्या टोकाचा नट रबरी नळीच्या आट्यांत बसविलेला असतो. आपल्याकडील काळ्या मातीचा चिखल गाडीच्या पोटाशी चिकटून राहतो व ओल धरतो. त्यामुळे नट दोन ठिकाणी गंजतो, एकदा आट्यांत व एकदा स्वतःच्या नळीवर. हा दुसरा गंज अधिक घातक. नट फिरविला की त्याबरोबर पोलादी नळीही दोरीसारखी पिळली जाते व तुटते. उतावळा मनुष्य साधा पाना लावून हिसका मारतो आणि नटाच्या कडा झिजवून बसतो.

जाणता कारागीर निराळा वागतो. तो गाडी केवळ जॅकवर न ठेवता भक्कम आधारावर घेतो व जमिनीवरील चाकांस अडण लावतो. नंतर जोड तारेच्या ब्रशाने स्वच्छ करून गंज सोडविणारे तेल सोडतो व शक्य तर रात्रभर मुरू देतो. नटासाठी तो फटीचा रिंग पाना घेतो; तो नळीवरून आत जातो व नटाच्या जवळजवळ सर्व बाजू धरतो. दुसऱ्या पान्याने रबरी नळीचे टोक घट्ट धरून तो नट प्रथम अगदी थोडा आवळतो, मग सैल करतो, पुन्हा आवळतो. गंजाचा भुगा होऊन नट हळूहळू सुटू लागतो.

एवढ्यानेही न सुटल्यास एक युक्ती आहे. जुनी नळी टाकावयाचीच असते. ती मधोमध कापून गळणारे ऑइल भांड्यात धरावे. मग नट स्थिर धरून नळीचे उरलेले टोकच फिरवावे, म्हणजे पोलादी नळी पिळली जात नाही. ज्योतीने नट तापविणे मात्र टाळावे, कारण ब्रेक ऑइल पेट घेते. पोलादी नळीच गंजून पोकळ झाली असेल, तर तीही बदलणे हाच उपाय. एका चाकाची नळी ठेचून बंद करून गाडी पुढे हाकणे, ही रस्त्यावरील तडजोड जिवावर बेतणारी आहे.

नवी नळी दोन्ही बाजूंस एकदम घालावी. तिला पीळ पडू देऊ नये, आणि चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून ती कोठे घासत नाही ना, हे पाहावे. ब्रेक ऑइल हवेतील ओल शोषते, म्हणून ते सीलबंद डब्यातील, निर्मात्याने सांगितलेल्या जातीचेच घालावे. साधे इंजिन तेल घातल्यास आतील रबर फुगून बिघडते. त्यानंतर प्रत्येक चाकाची हवा काढावी. हवा दाबली जाते, द्रव जवळजवळ दाबला जात नाही. म्हणून आत बुडबुडा राहिल्यास पेडल मऊ लागते. शेवटी पेडल जोराने दाबून धरावे, सर्व जोड कोरडे आहेत असे पाहावे, व मोकळ्या मैदानात मंद गतीने गाडी पारखावी.

हे काम विद्यार्थ्यांनी एकट्याने करावयाचे नव्हे. ते शिकलेल्या कारागिराच्या हाती द्यावे. परंतु पालकांनी त्यास विचारावे, ‘होज पाइप किती वर्षांचे झाले?’ हा प्रश्न विचारण्यास पैसा पडत नाही.

वालूरची चक्राकार बारव गाळाने बुजली होती. ग्रामस्थांनी ती श्रमदानाने मोकळी केली, घाईने नव्हे तर पाटीमागून पाटी उपसून. जखडलेला नटही असाच सुटतो. बळाने जे मोडते ते धीराने निघते, हे यंत्रशाळेत शिकलेला मुलगा आयुष्यातही ते विसरणार नाही. ज्यांचे प्राण आपल्या हाती विश्वासाने सोपविलेले आहेत, त्यांच्यासाठी न दिसणारी नळी तपासणे ही देखील शेजाऱ्यावरील प्रीतीच होय.